गॅमा-किरण स्फोटामागचा सुपरनोव्हा कसा पकडायचा: कोकण किनाऱ्यावरच्या निरीक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने

गॅमा-किरण स्फोटाची (दूरच्या दीर्घिकेतून अचानक येणाऱ्या गॅमा-किरणांच्या झळकीची) सूचना मोबाइलवर आली की बरेच हौशी निरीक्षक त्याच रात्री दुर्बीण लावतात. दिलेल्या जागी ठिपका दिसला की ‘सुपरनोव्हा मिळाला’ म्हणून फोटो ग्रुपवर जातो आणि दुसऱ्या दिवशी दुर्बीण पुन्हा झाकली जाते. चूक इथेच होते. पहिल्या रात्री दिसतो तो आफ्टरग्लो, म्हणजे स्फोटातून सुटलेला झोत भोवतालच्या वायूवर आदळल्यावर निघणारा प्रकाश. सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश, त्याच जागी असला, तरी तो तेव्हा या झळाळीखाली दबलेला असतो. तो वर येतो दहा ते वीस दिवसांनी, आणि तोवर बहुतेकांचा उत्साह मावळलेला असतो.

दोन्ही प्रकाश एकाच घटनेतून येतात, पण त्यांची इंधनं वेगळी आहेत. हायड्रोजन आणि हेलियमचे बाहेरचे थर गमावलेल्या अवजड ताऱ्याचा गाभा कोसळतो आणि त्यातून प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाणारा अरुंद झोत निघतो. तो आपल्या दिशेनं असेल तरच आपल्याला गॅमा-किरण दिसतात. सुपरनोव्हाचा प्रकाश मात्र सगळीकडे पसरतो. तो उजळतो स्फोटात तयार झालेल्या निकेल-५६ मुळे. या निकेलचा अर्धायुकाल सहा दिवस, आणि त्यापासून बनणाऱ्या कोबाल्ट-५६ चा ७७ दिवस. म्हणून हे काम एका रात्रीचं नाही, निदान महिन्याभराचं आहे. पुढचे सगळे टप्पे हे धरूनच मांडले आहेत.

## टप्पा १: आपल्या दुर्बिणीच्या आवाक्यात काय येतं ते आधी ठरवा

गॅमा-किरण स्फोटांबरोबर दिसलेले सुपरनोव्हे शिखरावर असताना त्यांची निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून मोजला तर येणारा तेजस्वितेचा आकडा) साधारण उणे १९ च्या आसपास असते. त्यामुळे ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्याचं माप; आकडा मोठा तितकी वस्तू दूर) कळली की सुपरनोव्हा किती मंद दिसेल आणि कधी शिखरावर येईल, याचा अंदाज लगेच बांधता येतो. प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद, हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचा. त्यांत स्फोटाच्या जागचे १५ दिवस धरून ते (१ + ताम्रसृती) ने गुणले आहेत.

- ताम्रसृती ०.०३: शिखरावर प्रत साधारण १६.५ ते १७, स्फोटानंतर साडेपंधरा दिवसांनी
- ताम्रसृती ०.१: प्रत साधारण १९.३, साडेसोळा दिवसांनी
- ताम्रसृती ०.५: प्रत २३ च्या पलीकडे, बावीस-तेवीस दिवसांनी
- ताम्रसृती १: प्रत २५ च्या पलीकडे, महिन्याभरानं

८ इंची दुर्बीण, थंड केलेला मोनो सीमॉस कॅमेरा आणि एकेक मिनिटाच्या ६० फ्रेम एवढ्यात, काळोख्या जागेवरून चंद्र नसताना साधारण १८.५ प्रतीपर्यंत पोचता येतं. १२ इंचीला १९.५ धरा. किनाऱ्यावरची दमट हवा यातली अर्धी प्रत सहज खाते.

म्हणजे ०.१ च्या आतली ताम्रसृती असेल तरच सुपरनोव्हा तुमच्या हाती लागणार. हे स्फोट शोधणाऱ्या स्विफ्ट उपग्रहानं टिपलेल्या बहुतेक लांब (दोन सेकंदांपेक्षा जास्त चाललेल्या) स्फोटांची ताम्रसृती १ च्या वर असते, त्यामुळे योग्य स्फोट काही वर्षांतून एखादाच येतो. तो आल्यावर शिकायला बसलात तर तो हातचा जाणार. म्हणून ट्रान्झिएंट नेम सर्व्हर या नव्या सुपरनोव्ह्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर जाहीर होणारे १६-१७ प्रतीचे, आयबी किंवा आयसी प्रकारचे (हायड्रोजन गमावलेल्या ताऱ्यांचे) साधे सुपरनोव्हे निवडा आणि खालची सगळी प्रक्रिया निदान एकावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून ठेवा.

तपासणी: मागच्या अमावस्येला तुम्ही घेतलेल्या प्रतिमेत सर्वांत मंद तारा कोणत्या प्रतीचा मोजता आला? हा आकडा वहीत नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

## टप्पा २: जागा, दिशा आणि हंगाम

पुळणीवर दुर्बीण लावायचा मोह टाळा. लाटांचे तुषार हवेत मीठ सोडत असतात, वाळू माउंटच्या गिअरमध्ये जाते आणि पश्चिम क्षितिजावर मासेमारी बोटींचे दिवे असतात. किनाऱ्यापासून थोडं आत, जांभ्याच्या सड्यावर जागा शोधा. रत्नागिरी, राजापूर, देवगड या पट्ट्यात असे मोकळे सडे भरपूर आहेत. कातळ सपाट आणि पक्का असल्यामुळे तिपाई हलत नाही आणि आजूबाजूला माड-आंब्यांची झाडं नसल्यामुळे क्षितिज मोकळं मिळतं. फक्त दिवसभर तापलेला कातळ सूर्यास्तानंतर दीड-दोन तास उष्णता सोडत राहतो. तेवढा वेळ तारे फुगलेले दिसतात, म्हणून मंद वस्तूंच्या फ्रेम त्यानंतरच्या ठेवा.

थंडीत रात्री मतलई वारा सुटला की हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते आणि आकाश निवळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यामुळे सर्वांत भरवशाचा काळ. मार्चपासून क्षितिजाजवळ धुरकट थर वाढत जातो.

आता तीन सापळे. या तिन्हींत माणसं हमखास अडकतात.

पश्चिमेचा सापळा. आपल्याकडे मोकळं क्षितिज समुद्राकडे, म्हणून नजर आपोआप पश्चिमेला जाते. पण प्रत्येक तारा रोज चार मिनिटं आधी मावळतो, म्हणजे वीस दिवसांत ८० मिनिटं. आज संध्याकाळी पश्चिमेला ३० अंशांवर असलेला स्फोट, सुपरनोव्हा शिखरावर येईल तेव्हा संधिप्रकाशात बुडालेला असेल. १८ फेब्रुवारी २००६ चा जीआरबी (म्हणजे गॅमा-किरण स्फोट) ०६०२१८ घ्या. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) जवळजवळ अधिक १७ अंश, म्हणजे रत्नागिरीच्या माथ्यावरून जाणारी जागा. त्या संध्याकाळी काळोख पडताना ती साधारण ६० अंशांवर होती, तर महिन्याभरानंतर त्याच वेळी ३५ अंशांवर. त्याचा सुपरनोव्हा, एसएन २००६एजे, साधारण दहा दिवसांतच शिखरावर आला म्हणून इथून निभावलं असतं. पूर्वेला उगवणारा किंवा मध्यरात्रीनंतर माथ्यावर येणारा स्फोट हाच खरा सोयीचा.

चंद्राचा सापळा. ताम्रसृती ०.१ च्या आसपास असेल तर शिखर सोळा-सतरा दिवसांनी येतं, म्हणजे जवळजवळ अर्धा चांद्रमास. अमावस्येला झालेल्या स्फोटाचा सुपरनोव्हा नेमका पौर्णिमेच्या सुमारास शिखरावर असणार. अशा वेळी शिखराचा हट्ट सोडा. चढती बाजू आठव्या-नवव्या दिवशी आणि उतरती बाजू पंचविसाव्या दिवसानंतर, असे दोन पट्टे आधीच दिनदर्शिकेवर आखून ठेवा.

पावसाचा सापळा. मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतरचा स्फोट असेल तर शिखर पावसाळी ढगांत गेलं असं समजा. आफ्टरग्लो नक्की टिपा, पण सुपरनोव्हाबद्दल स्वतःच्या निरीक्षणावरून काही म्हणता येणार नाही.

दक्षिणेचं गणित सोपं आहे. रत्नागिरीचा अक्षांश १७ अंश. ९० मधून १७ वजा करा आणि दक्षिण क्रांतीचे अंश वजा करा, म्हणजे वस्तू जास्तीत जास्त किती उंच येईल ते मिळतं. २५ एप्रिल १९९८ च्या जीआरबी ९८०४२५ शी जोडला गेलेला एसएन १९९८बीडब्ल्यू उणे ५३ अंशांच्या आसपास होता, म्हणजे इथून जेमतेम २० अंश. शिखरावर तो १४ व्या प्रतीच्या जवळ असल्यामुळे एवढ्या खालूनही मिळाला असता. १८ प्रतीची वस्तू तिथे मिळणार नाही. ३० अंशांखालची मंद वस्तू सोडून द्या.

## टप्पा ३: उपकरणं

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण कोकणात निम्म्या रात्री इथेच वाया जातात.

१. मीठ. काचेवरचा पांढुरका थर कोरड्या फडक्यानं कधीही पुसू नका. मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी हातपंपाच्या ब्लोअरनं धूळ उडवा, मग डिस्टिल्ड वॉटरनं ओला केलेला कापूस दाब न देता फिरवा. माउंटच्या उघड्या स्क्रूंना आणि काउंटरवेटच्या दांड्याला दर महिन्याला मशीन ऑइलचा हात द्या, नाहीतर गंज ठरलेलाच.

२. दव. ड्यू-हीटरचा पट्टा रात्रीच्या सुरुवातीपासून चालू ठेवा. काच भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम राहिली की पुरे. जास्त तापवलीत तर नळीत हवेचे प्रवाह तयार होऊन तारे पसरतात. दव साचल्यावर हीटर लावला तर काच सुकायला अर्धा-पाऊण तास जातो.

३. कॅमेऱ्याची थंडी. एप्रिलच्या रात्री हवा २७ अंशांवर असताना उणे २० चं लक्ष्य दिलं तर कूलर पूर्ण ताकदीनं धावूनही तापमान स्थिर राहत नाही आणि सेन्सरच्या काचेवर हिम धरतं. उन्हाळ्यात शून्य किंवा उणे ५, थंडीत उणे १०. कूलरची ताकद ८० टक्क्यांच्या वर जात असेल तर लक्ष्य सैल करा. कॅमेऱ्यातली सिलिका जेल हंगामाच्या सुरुवातीला बदला.

४. डार्क आणि फ्लॅट. वापरणार त्याच तापमानाच्या, त्याच कालावधीच्या २० डार्क (झाकण लावून घेतलेल्या) फ्रेम. फ्लॅट (एकसारख्या उजळ आकाशाच्या फ्रेम) संध्याकाळी, माथ्याच्या थोडं पूर्वेला दुर्बीण वळवून, २० फ्रेम. १६-बिट कॅमेऱ्यात सरासरी २५ ते ३० हजार येईल इतका कालावधी. दमट हवेत सेन्सरच्या काचेवरचे डाग रोज बदलतात, त्यामुळे मागच्या आठवड्याचे फ्लॅट चालत नाहीत.

५. फिल्टर. एकच घ्यायचा असेल तर स्लोन-आर (लाल प्रकाशाचा). सुपरनोव्हा वाढत्या दिवसांबरोबर लालसर होत जातो, आणि फिल्टर नसलेल्या कॅमेऱ्यानं मोजलेली प्रत त्या रंगबदलामुळे सरकते. अशा प्रती जोडून काढलेला आलेख बऱ्याचदा नसलेला उंचवटा दाखवतो.

६. वीज आणि ध्रुव. लाइट कधीही जाते, म्हणून दुर्बीण आणि लॅपटॉप बॅटरीवरच चालवा. ध्रुवतारा इथे फक्त १७ अंशांवर असतो आणि एखाद्या टेकाडामागे सहज दडतो. प्लेट-सॉल्व्हिंगनं (फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखून) ध्रुवजुळणी करायला शिकून ठेवा.

तपासणी: एकाच तुलना-ताऱ्याची (प्रत आधीच माहीत असलेल्या, न बदलणाऱ्या ताऱ्याची) कच्ची मोजणी तासभर काढा. ती ३० टक्क्यांनी घसरली तर जवळजवळ ०.४ प्रत गेली. आकाश स्वच्छ असून वस्तूची उंचीही फार बदलली नसेल, तर ते दवच. थांबा, काच सुकवा, मग पुढे जा.

## टप्पा ४: सूचना नीट वाचा

नासाच्या जीसीएन सेवेवर मोफत खातं काढा. तिथे दोन प्रकारचे संदेश येतात: यंत्रानं काही सेकंदांत पाठवलेली नोटीस आणि निरीक्षकांनी लिहिलेलं सर्क्युलर. दुर्बीण वळवायला नोटीस, निष्कर्षाला सर्क्युलर.

क्रमानं हे पाहा.

जागेची अनिश्चितता. स्विफ्टच्या गॅमा-किरण उपकरणाची पहिली जागा तीनेक कलांच्या वर्तुळात असते (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). थोड्या वेळात त्याच्या क्ष-किरण दुर्बिणीकडून काही विकलांची जागा येते. फर्मी या दुसऱ्या उपग्रहाच्या जीबीएम उपकरणाची जागा कित्येक अंशांनी सैल असते. अर्ध्या-पाऊण अंशाच्या चौकटीत ती मावत नाही, म्हणून फक्त फर्मीची नोटीस असेल तर वाट पाहा.

वेळ. सगळ्या वेळा जागतिक वेळेत असतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. ४ डिसेंबरला पहाटे १ वाजून ४० मिनिटांनी झालेला स्फोट जागतिक वेळेनुसार ३ डिसेंबरला २० वाजून १० मिनिटांनी झाला, आणि त्याच्या नावातही ३ तारीखच येणार. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या नोंदींत एक दिवसाची चूक होते. फ्रेमवर जागतिक वेळच उमटेल अशी लॅपटॉपची सेटिंग करून टाका.

कालावधी. दोन सेकंदांपेक्षा लांब असेल तर कोसळणारा तारा, आखूड असेल तर न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर, ही ढोबळ वाटणी. ती पुरावा नव्हे. जीआरबी ०६०६१४ शंभर सेकंदांच्या आसपास चालला, तो जवळ होता, तरी कसून शोधूनही त्याच्यामागे सुपरनोव्हा मिळाला नाही. ११ डिसेंबर २०२१ चा जीआरबी २११२११ए घ्या. तोही लांब होता, पण त्याच्यामागे किलोनोव्हा (न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून येणारा प्रकाश) निघाला. उलट जीआरबी २००८२६ए जेमतेम सेकंदभराचा असून त्याच्यामागे सुपरनोव्हाच्या खुणा मिळाल्या.

धूळ. आकाशगंगेच्या पट्ट्यात स्फोट असेल तर धुळीच्या नकाशातून त्या दिशेचं शोषण काढा. ते एका प्रतीपेक्षा जास्त असेल तर छोट्या दुर्बिणीला सुपरनोव्हाची आशा नाही. ९ ऑक्टोबर २०२२ चा अतितेजस्वी जीआरबी २२१००९ए याच कारणामुळे दृश्य प्रकाशात अवघड गेला.

## टप्पा ५: पहिली रात्र

आफ्टरग्लो वेगानं मंदावतो, म्हणून सुरुवातीला ३० सेकंदांच्या फ्रेम घ्या, अर्ध्या तासानंतर ६० सेकंदांच्या. गाइडिंग जमवण्यात पहिली वीस मिनिटं घालवू नका. ३० सेकंदांना माउंट तसाच चालतो.

वर्तुळात नवा ठिपका दिसला की त्याला लगेच नाव देऊ नका. पॅन-स्टार्स या आकाश-सर्व्हेच्या जुन्या प्रतिमेशी ताडून पाहा (तो सर्व्हे क्रांती उणे ३० पर्यंतच आहे). मग मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी-पानावर त्या वेळेचा लघुग्रह तिथे आहे का ते बघा. अर्ध्या तासाच्या अंतरानं घेतलेल्या दोन गठ्ठ्यांत (गठ्ठा म्हणजे एकत्र जोडलेल्या फ्रेम) ठिपका सरकला तर लघुग्रह. एकाच फ्रेममध्ये असेल तर वैश्विक किरण किंवा तापलेला पिक्सेल. जागेवर राहून मंदावत असेल तर आफ्टरग्लो.

काहीच दिसलं नाही तरी फ्रेम पुसू नका. ‘स्फोटानंतर तीन तासांनी १८.२ पेक्षा तेजस्वी काही नव्हतं’ ही पक्की नोंद आहे आणि पुढच्या आलेखात ती लागते.

## टप्पा ६: प्रत मोजणे

सिरिल किंवा अ‍ॅस्ट्रोइमेजजे ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

१. डार्क, फ्लॅट लावा, फ्रेम जुळवा, गठ्ठा करा. गठ्ठ्याची वेळ म्हणजे सगळ्या फ्रेमच्या काळाचा मध्य. पहिल्या फ्रेमची वेळ लिहिली तर आफ्टरग्लोचा उतार चुकतो.

२. त्याच चौकटीतले पाच ते आठ तुलना-तारे घ्या, प्रत १४ ते १६, कुठलाही अतिप्रकाशित नसलेला, फार निळे किंवा फार लाल नसलेले. ही यादी एकदा ठरली की महिनाभर बदलायची नाही.

३. एक तपासणी-तारा बाजूला ठेवा. त्याची प्रत रात्रीगणिक ०.०५ पेक्षा जास्त हलत असेल तर सुपरनोव्हाच्या चढ-उतारावरही विश्वास ठेवू नका.

४. वस्तू दीर्घिकेवर बसलेली असेल तर नुसतं वर्तुळ टाकून मोजू नका. दीर्घिकेचा प्रकाश त्यात मिसळतो आणि सुपरनोव्हा आहे त्यापेक्षा तेजस्वी दिसतो. तात्पुरतं पॅन-स्टार्सची प्रतिमा वजा करून काम चालवा. पक्की मोजणी शेवटच्या टप्प्यात.

सावधान: वातावरण वाईट असलेल्या रात्री तारे फुगतात आणि वर्तुळात दीर्घिकेचा जास्त भाग शिरतो. दमट रात्री ‘अचानक तेजस्वी’ झालेला सुपरनोव्हा बहुधा असाच तयार होतो.

## टप्पा ७: आलेख काढा आणि उंचवटा शोधा

आडव्या अक्षावर स्फोटापासूनचा काळ लॉगरिदममध्ये, उभ्या अक्षावर प्रत. आफ्टरग्लो या आलेखात बहुतांशी सरळ रेषेत उतरतो. साध्या दिवसांचा अक्ष घेतला तर तोच उतार वक्र दिसतो आणि प्रत्येक वळणावर उंचवट्याचा भास होतो.

एक उदाहरण करून पाहू. ताम्रसृती ०.१, तासाभरानं प्रत १६, आणि प्रकाश काळाच्या उणे १.२ घातानं घटतोय. मग काळ दहापट झाला की तीन प्रती उतरतात: दहा तासांनी १९, चार दिवसांनी २२, वीस दिवसांनी २४. त्या सुमारास सुपरनोव्हा १९.३ च्या आसपास असायला हवा. म्हणजे दोन आठवड्यांनी रेषेच्या जवळजवळ साडेचार प्रती वर बिंदू पडले, तर ते मोजणीतल्या चुकीचं लक्षण उरत नाही.

आफ्टरग्लो बराच शिल्लक असेल तर तो वजा करावा लागतो, आणि वजाबाकी प्रतींची करायची नाही. प्रत लॉगरिदमची मोजपट्टी आहे. आधी तिचं प्रकाशप्रवाहात रूपांतर करा. एकूण प्रत १९.०, रेषेवरून आफ्टरग्लो २०.० असं मिळालं, तर एकूण प्रवाह १ धरल्यावर आफ्टरग्लोचा वाटा ०.४०, सुपरनोव्हाचा ०.६०, आणि त्याची प्रत १९.५५. बऱ्याच तक्त्यांतली गोची इथेच सापडते.

सावधान: उंचवटा म्हणजे सुपरनोव्हा, असं समीकरण नाही. २९ मार्च २००३ च्या जीआरबी ०३०३२९ चा आफ्टरग्लो पहिल्या काही दिवसांत अनेकदा पुन्हा उजळला. ते उंचवटे सुपरनोव्हाचे नव्हते. खरा एसएन २००३डीएच त्या झळाळीत असा मिसळला होता, की तो वर्णपटातून ओळखावा लागला. उंचवटा दिसला नाही म्हणून सुपरनोव्हा नव्हता, असंही म्हणता येत नाही.

## टप्पा ८: संबंध जाहीर करण्याआधी चार प्रश्न

१. जागा जुळते का? काही विकलांच्या आत, कलांच्या नव्हे.

२. वेळ जुळते का? सुपरनोव्हाच्या चढावरून मागे मोजलेली स्फोटाची तारीख गॅमा-किरणांच्या तारखेशी एक-दोन दिवसांत बसली पाहिजे.

३. अंतर जुळतं का? आफ्टरग्लोच्या आणि सुपरनोव्हाच्या दीर्घिकेची ताम्रसृती एकच असली पाहिजे.

४. वर्णपट काय सांगतो? हायड्रोजन नाही, हेलियम नाही, रेषा पसरट, म्हणजे द्रव्य सेकंदाला वीस-तीस हजार किलोमीटर वेगानं बाहेर पडतंय. हा प्रकार रुंद रेषांचा आयसी. हायड्रोजनच्या रेषा दिसल्या तर इथेच थांबा.

चौथा प्रश्न आपल्या दुर्बिणीनं सुटत नाही. लडाखमधल्या हान्लेची दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण किंवा उत्तराखंडातल्या देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण असल्या उपकरणांचा तो प्रांत, आणि त्याचं उत्तर सर्क्युलरमध्ये शोधायचं असतं. तोवर तुमच्या नोंदीत ‘संभाव्य’ हा शब्द राहू द्या.

## टप्पा ९: उलट्या दिशेनं जाताना

आधी सुपरनोव्हा सापडतो आणि मग लोक मागचे गॅमा-किरण स्फोट चाळतात. ही वाट जास्त निसरडी आहे. फर्मी वर्षाला साधारण २४० स्फोट नोंदवतो. सुपरनोव्हाच्या स्फोटाची तारीख वीस दिवसांच्या खिडकीत असेल तर त्यात तेरा स्फोट येणारच. प्रत्येकाचं अनिश्चिततेचं वर्तुळ दहा अंश त्रिज्येचं धरलं तर ते आकाशाचा ०.७६ टक्के भाग व्यापतं. तेरानं गुणा: निव्वळ योगायोगानं जागा जुळण्याची शक्यता जवळजवळ दहा टक्के. एवढ्यावर काही जाहीर करता येत नाही.

खिडकी आवळा. सुपरनोव्हा न दिसलेली शेवटची आणि दिसलेली पहिली प्रतिमा यांच्या तारखा शोधा. दर दोन-तीन रात्रींनी उत्तरेकडचं आकाश झाडणाऱ्या झ्विकी सर्व्हेमुळे हे अंतर बऱ्याचदा दोन-तीन दिवसांवर येतं. मग स्विफ्ट आणि आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाच्या नोंदीही पाहा. काही मिळालं नाही तर नवल नाही. झोत अरुंद असतो आणि बहुतेक वेळा तो दुसरीकडे रोखलेला असतो. शिवाय अशा बहुतेक ताऱ्यांत झोत मुळात बाहेर पडतच नसावा.

## टप्पा १०: नोंद पाठवा आणि पुढच्या हंगामात संदर्भ प्रतिमा घ्या

कळवताना एवढं हवंच: स्फोटापासून गठ्ठ्याच्या मध्यापर्यंतचा काळ, एकूण कालावधी, फिल्टर, प्रत आणि तिची चूक, तुलनेचा कॅटलॉग, धुळीची दुरुस्ती केली की नाही. न दिसल्यास मर्यादेची प्रत आणि ती किती सिग्माची (गोंगाटाच्या किती पट) ते.

सुपरनोव्हा शिखरानंतर काही आठवड्यांनी दिवसाला ०.०१ ते ०.०२ प्रतीनं मंदावत जातो, त्यामुळे दीर्घिका एकटी उरायला बराच अवधी लागतो. एप्रिलमध्ये मध्यरात्री माथ्यावर आलेली जागा ऑक्टोबरात सूर्याआड असते आणि डिसेंबरच्या पहाटे पुन्हा हाती लागते. तेव्हाच्या कोरड्या हवेत, त्याच दुर्बिणीनं, त्याच फिल्टरनं, निदान दुप्पट वेळ देऊन संदर्भ प्रतिमा घ्या. त्यात अजून थोडा ठिपका उरलेला वाटला तर पुढच्या वर्षीची वाट पाहा. मग ती प्रत्येक रात्रीच्या गठ्ठ्यातून वजा करून सगळ्या प्रती पुन्हा मोजा. जुने आकडे खोडू नका. शेजारी नवा रकाना काढा आणि दोन्हींत ०.२ पेक्षा जास्त फरक पडलेल्या रात्रींच्या मूळ फ्रेम उघडून कारण लिहून ठेवा.